पट्ट्याचं पोट

आमच्या घरात आधी पट्टे आले आणि मग आम्ही आलो, असं माय म्हणायची. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या ज्या चाळीत आम्ही राहायचो, तिथे प्रत्येक घरात ज्याच्या त्याच्या कामाची खूण दिसायची. साड्या कापणाऱ्याच्या घरी रंगीत चिंध्यांच्या गोधड्या, रंगखात्यातल्या माणसाच्या घरी भिंतीवर जांभळे पंजे, आणि आमच्याकडे पट्टे. माझे वडील, आबा, कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. यंत्रांवरून उतरवलेले काळे रबरी पट्टे ते घरी आणायचे आणि माय त्यांना पुन्हा नोकरीला लावायची. कपडे वाळत घालायला पट्टा, भाकरीची टोपली आढ्याला टांगायला पट्टा, मोरीचं दार आपोआप मिटावं म्हणून पट्टा. एक हातभर तुकडा माझ्या पाठीसाठी दाराआड लटकत असे. घरातले बाकीचे सगळे पट्टे केव्हा ना केव्हा तुटले. तो एक तेवढा शेवटपर्यंत उत्तम स्थितीत राहिला.

दुसरे बाप मुलांना पाढे विचारतात, आबा मला पट्टे विचारायचे. रविवारी सकाळी माय चुलीवर कळण्याची भाकरी थापत असायची, बाहेर यंत्रमागांची खटखट चालू असायची, आणि आबा एखादा उतरलेला पट्टा माझ्या हातात देऊन म्हणायचे, "सांग, काय झालं होतं याला?" मी तो डोळे मिटून अंगठ्याखालून फिरवायची. कडा काचेसारख्या गुळगुळीत लागल्या की तो ढिला पडून पुलीवर घसरत होता. मऊ, फुगलेला लागला की तेल प्यायला होता. आणि आतल्या बाजूला आडव्या भेगा असल्या की त्याचे दिवस भरले होते, मग वरून तो कितीही काळाभोर दिसो. "पट्टा पाठ दाखवतो, पोट लपवतो," आबा म्हणायचे. "पिळून बघायचा. पोट बघितल्याशिवाय कुणाला चांगला म्हणायचं नाही." ते घरात अहिराणीच बोलायचे, सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे साधं करून लिहिते आहे. मायचं बोलणं मात्र साधं करता येत नाही, ते आहे तसंच घ्यावं लागेल. ती तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "पोरले पट्टा शिकाडी राहिनात! सासरले काय पट्टा रांधी का ती?"

सासरचा प्रश्न निघण्याआधीच जयंतीभाई निघाले. हे जयंतीभाई उधन्याला मोटार दुरुस्तीचे वर्ग चालवत. सरकारमान्य, असं त्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत होतं, आणि कोणत्या सरकारने मानलं आहे ते लहान अक्षरांत होतं, जे पावसाने गेलेलं. त्या वर्षी वरून एक कागद आला होता म्हणे, की तांत्रिक शिक्षणात महिलांचा सहभाग दिसला पाहिजे. असला पाहिजे असं नव्हतं, दिसला पाहिजे असं होतं. जयंतीभाईंनी उधन्यापासून पांडेसऱ्यापर्यंत सहभाग शोधला आणि तो त्यांना आमच्या ओट्यावर सापडला. मी मराठी शाळेतून दहावी होऊन घरी बसले होते. "फी माफ," ते म्हणाले, "बेन फक्त यायचं, बसायचं." पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात मोठा पाना देऊन फोटो काढला, मग पाना परत घेतला आणि हजेरीपट लिहायला बसवलं. तो फोटो पुढे तीन वर्षं त्यांच्या जाहिरातीत होता. पाना उलटा धरलेला आहे, पण तो माझा दोष नाही. फोटोग्राफरला तसा बरा दिसला.

मी हजेरीपट लिहिता लिहिता ऐकत राहिले, आणि पंधरा दिवसांनी उठून मुलांमध्ये जाऊन बसले. कुणी हरकत घेतली नाही, कारण तिथे शिकण्यासारखं फार नव्हतं. एक इंजिन होतं. ते लोखंडी घोडीवर ठेवून त्याला चंदेरी रंग दिला होता आणि दसऱ्याला हार घालत. ते कधी सुरू झालं नव्हतं, कारण त्याच्या आतलं बरंचसं सामान जयंतीभाईंच्या मेहुण्याच्या टेम्पोत चालू होतं. त्याच्यावर पट्टाही नव्हता. पट्टा कुठून कुठे जातो हे मागच्या भिंतीवर डांबराने काढलेलं होतं. पट्ट्याच्या धड्याला जयंतीभाई वही उघडून सांगत, "लिहा. पट्टा तपासणे. एक, पट्टा पाहावा. दोन, ठीक असल्यास 'ठीक' असे लिहावे." मी विचारलं, "आणि ठीक नसला तर?" त्यांनी वहीचं पान उलटलं, पुन्हा मागे आणलं आणि शांतपणे म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही."

परीक्षेच्या दिवशी जयंतीभाईंनी तुपाने थबथबलेली सुरती घारी आणि खमण मागवले होते. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी घारी, मुलांसाठी खमणाचा वास. परीक्षक त्रिवेदीसाहेब स्वतःच्या पांढऱ्या गाडीतून आले. उंच, गोरे, केसांना तेल, आणि रुमालाची घडी कॉलरच्या आत. गाडी मात्र तरुणपण उलटलेली होती. त्या काळात आमच्या भागात ज्या गाडीत थंड हवेचं यंत्र असे तिला लोक बाहेरून हात लावून बघत. साहेबांनी ते यंत्र मुद्दाम बसवून घेतलं होतं. चंदेरी इंजिनाकडे एकदा बघून साहेब म्हणाले, "हे राहू द्या. विद्यार्थ्यांना चालत्या गाडीवर अनुभव मिळाला पाहिजे." आणि त्यांनी किल्ली जयंतीभाईंच्या हातात दिली. मग चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. एकाला आलं 'चाकं काढून अदलाबदल करणे', एकाला 'तेल बदलणे', एकाला 'बॅटरीची अग्रं साफ करणे', आणि दोघांना 'गाडीच्या बाह्यांगाची निगा', म्हणजे फडक्याने पुसणे. आमच्या वर्षाची सगळी परीक्षा मिळून साहेबांच्या एका गाडीचं सर्व्हिसिंग होतं. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'इंजिनाचे पट्टे तपासून अहवाल लिहिणे.'

मी इंजिन बंद आहे ना बघितलं, किल्ली काढून फळीवर ठेवली आणि बॉनेट उघडलं. आत दोन पट्टे होते. एक थंड हवेच्या यंत्राचा. तो नवा कोरा होता, त्याच्यावरचा पिवळा छापसुद्धा पुसला नव्हता. दुसरा आतल्या बाजूचा, पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवणारा. तो मी मधोमध अंगठ्याने दाबला. पेरभर दबायला हवा होता, तो बोटभर खाली गेला. मग त्याला पिळून पोट वर आणलं. भेगाच भेगा, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या, आणि एका जागी रबराचा कपचा निघून आतले दोरे दिसत होते. कडा चकाकत होत्या. साहेबांना गार ठेवणारा पट्टा नवा होता, आणि इंजिनाला गार ठेवणारा मरायला टेकलेला. इंजिन तक्रार करत नाही, साहेबांना घाम येतो, एवढा साधा हिशेब. (गाड्या बघण्यात माझा जन्म गेला, आजही बॉनेट उघडलं की मी आधी हेच बघते, मालकाने कोणता पट्टा बदलला आहे आणि कोणता राहू दिला आहे. माणूस कळायला तेवढं पुरतं.)

माझ्या शेजारी उभा असलेला दिलीप कुजबुजला, "ठीक लिही, ठीक. सगळ्यांनी सगळं ठीक लिहिलंय." मी लिहिलं, "थंड हवेचा पट्टा उत्तम. पंख्याचा पट्टा आतून भेगाळलेला, ढिला, एका जागी तुटायला आलेला. बदलल्याशिवाय गाडी चालवू नये."

साहेबांनी अहवाल वाचला. मग पुन्हा वाचला. मग मला विचारलं, "बेन, आ गाडी कोनी छे?"

"तुमची, साहेब."

"हूं. आणि मी ती रोज चालवतो. आज सकाळी चालवत आलो. चालली ना?"

"चालली, साहेब."

"मग चालवू नये हे तू कसं लिहिलंस?"

मला खरंच वाटलं की त्यांना ऐकायचं आहे. मी म्हणाले, "साहेब, इकडे या, पोट दाखवते." मुलं हसली. साहेबांनी आजूबाजूला बघितलं आणि मला समजलं की मी काहीतरी भयंकर बोलले आहे. जयंतीभाई धावत आले. त्यांनी मला बाजूला घेतलं, गोड गुजरातीत समजावलं की बेन, एक शब्द खोडायचा आहे, 'नये' खोड, बाकी सगळं राहू दे. 'बदलल्याशिवाय गाडी चालवू' असं उरलं असतं, ते चाललं असतं त्यांना. मी म्हणाले, "पट्टा बघा ना तुम्ही." ते म्हणाले, "पट्टा बघून काय करू? मी तर साहेबांचा चेहरा बघतोय." अडचण माझ्या एकटीची नव्हती. बाकी बावीस मुलांनी त्याच गाडीला 'सर्व ठीक' म्हटलं होतं. माझा अहवाल बरोबर मानला तर बावीस जण नापास होत होते, आणि वर्ग बंद पडत होता. शेवटी साहेबांनी घारीचा तुकडा मोडता मोडता तोडगा काढला. मुलीच्या वडिलांना बोलवा.

दिलीप सायकलवरून जाऊन आबांना घेऊन आला. ते तसेच, कामावरच्या कपड्यांत आले. त्या दिवशी कारखान्यात मोरपिशी रंगाची पाळी असावी, कारण त्यांचे हात कोपरापर्यंत मोरपिशी होते. ते हात त्यांनी साहेबांसमोर जोडले. साहेब म्हणाले, "तमारी छोकरी बहु होशियार छे. पण हट्टी आहे. समजवा." आबा बॉनेटजवळ गेले. माझा अहवाल वाचला. मग वाकून त्यांनी पट्टा अंगठ्याने दाबला, पिळला, पोट बघितलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. मला माहीत होतं आता काय होणार. रविवारी सकाळी जे व्हायचं तेच. ते मान डोलवणार आणि म्हणणार, बरोबर. आबांनी पट्टा सोडला, हात पँटला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही. ठीक आहे म्हणून लिही."

मी म्हणाले, "आबा, आतले दोरे दिसतायत."

"साहेब मोठे आहेत. लिही."

मी लिहिलं नाही. हट्ट होता असं आज म्हणता येणार नाही. माझा हातच चालेना. साहेबांनी माझा कागद घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात सुंदर अक्षरांत लिहिलं, 'निरीक्षणशक्ती कमी. अनुत्तीर्ण.' मग ते गाडीत बसले. गाडी एका झटक्यात सुरू झाली, पट्ट्याने एकदा चिमणीसारखी चूं केली आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. गाडी चालत होती ना!

आबांनी मला सायकलवर मागे बसवून घरी आणलं. खाडीचा पूल आला. खाली त्यांच्याच कारखान्याचं मोरपिशी पाणी वाहत होतं. पुलावर चढ असल्यामुळे मी उतरले, आणि चालता चालता ते म्हणाले, "पट्टा गेलेला आहे. फार तर दोन महिने."

"मग तिथे का नाही बोललात?"

"त्यांनी मला पट्टा कसा आहे हे विचारलंच नाही. पोरगी ऐकते का, तेवढंच विचारलं." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "ऐकते असं दाखवायला गेलो, तेही खोटंच ठरलं." घरी गेल्यावर मायने आमचे चेहरे बघितले. "काय व्हयनं वं?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं, पण तिने तिखटजाळ फौजदारी डाळीची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि आबांपुढे ताट ठेवताना ते जरा जोरात ठेवलं. त्यानंतर रविवारी आबांनी मला पट्टा विचारला नाही. कारखान्यातून पट्टे आणणंही त्यांनी हळूहळू थांबवलं. दोरीवर कपडे वाळायला लागले.

त्याच वर्षी, पट्ट्याचे दोन महिने भरत आले असताना, सुरतेत प्लेग आला, तेव्हा पहिल्यांदा आमच्या गल्लीतली खटखट थांबली. इतकी वर्षं ती थांबावी असं आम्हाला वाटायचं. थांबली तेव्हा कुणाला झोप येईना. पेपरात काही छापलं होतं, गल्लीत त्याच्या दसपट होतं. शहाणी माणसं तोंडाला रुमाल बांधून कांदे खात होती. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल ओळखीने मिळत, जशी पूर्वी सिनेमाची तिकिटं मिळायची. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला लोक टपावरून लटकलेत, असं ऐकून मायने ठरवलं, "चाला गावले. आठे मराले थोडंच ऊनूत आपण?" मरायचं तर ते इथे कशाला, असा तिचा हिशेब. शेजारच्या वसंताचा टेम्पो एरवी कापडाचे तागे वाहायचा. त्यात चार खान्देशी कुटुंबं बसली. मायने स्टोव्ह, पिठाचा डबा आणि पाण्याचा हंडा घेतला. आबांनी पान्यांची पिशवी घेतली. "कपडे घ्या," माय म्हणाली. "यात आहेत," आबा म्हणाले आणि पान्यांवर एक सदरा ठेवला.

सकाळी आठ-नऊच्या सुमाराला आम्ही बारडोलीच्या रस्त्याला लागलो, आणि सुरतेतला निम्मा माणूस त्याच रस्त्यावर होता. ट्रक, रिक्षा, ट्रॅक्टर, बुलेटवर पाच जण. सगळ्यांची तोंडं बांधलेली, त्यामुळे गरीब-श्रीमंत ओळखायचे ते फक्त रुमालावरून. चलथाणच्या पुढे, दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस उभा होता तिथे, रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी बॉनेट उघडून वाफ सोडत होती. गाड्या तिला वळसा घालून पुढे जात होत्या. थांबलं कुणीच नव्हतं, कारण थांबलं तर समोरच्याला काय झालंय हे विचारावं लागेल, आणि त्या दिवसांत तो प्रश्न कुणालाच विचारायचा नव्हता. आबांनी टेम्पोच्या टपावर थाप मारली. "थांब रे, वसंता."

"आबा, कशाला?" मी म्हणाले. मी गाडी ओळखली होती.

"गाडी उभी आहे," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन उतरले.

त्रिवेदीसाहेब गाडीपासून चार पावलं लांब उभे होते, तोंडाला दुहेरी रुमाल. गाडीत त्यांच्या पत्नी आणि म्हातारी सासू. काचा अजून गच्च बंद होत्या, बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. आतल्या दोघी कुकरमधल्या बटाट्यांसारख्या दिसत होत्या. साहेबांनी आम्हाला ओळखलं नाही. आबांचं तोंड उपरण्याने बांधलेलं, माझं ओढणीने. "दूरथी, दूरथी," ते म्हणाले. आबांनी लांबूनच आत वाकून बघितलं आणि बाजूला झाले. "तू बघ," मला म्हणाले.

पंख्याचा पट्टा नव्हताच. पुलीखाली त्याचे दोन तुकडे आणि दोऱ्यांचा गुंता पडला होता. पंप थांबला, पाणी उकळलं. थंड हवेचा पट्टा मात्र जागच्या जागी, ऐटीत बसला होता. मी म्हणाले, "साहेब, दुसरा पट्टा आहे का बरोबर?" नव्हता. बारडोलीपर्यंत दुकान उघडं असण्याची आशा नव्हती. मी थंड हवेचा पट्टा उतरवला आणि पंख्याच्या पुल्यांवर घालून बघितला. दीड बोट लांब होत होता. मी आबांकडे बघितलं. त्यांनी पिशवीतून तेराचा पाना काढून पुढे केला. मी डायनॅमोचा बोल्ट सैल केला, आबांनी टॉमीची लोखंडी कांब घालून डायनॅमो बाहेर ओढून धरला, पार खाचेच्या टोकापर्यंत, आणि मी बोल्ट आवळला. अंगठ्याने दाबलं. पेरभराला थोडं जास्त. चाललं असतं.

मग पाणी. इंजिन निवल्यावर मायने हंडा आणला. साहेबांच्या सासूने काच बोटभर खाली करून विचारलं, "ए लोकोनुं पाणी?" साहेब घुटमळले. मायला गुजराती चांगलं कळायचं. ती म्हणाली, "पेवानं नही शे, आजी. गाडीले पाजनं शे. गाडीले चालस." आणि तिने हंडा रेडिएटरवर रिकामा केला, आमचं दिवसभराचं पाणी.

मी साहेबांना सांगितलं, "आता थंड हवा लागणार नाही. काचा उघड्या ठेवाव्या लागतील. नाहीतर म्हातारीला भोवळ येईल." साहेबांनी उसाकडे, रस्त्याकडे, खोकत जाणाऱ्या एका ट्रककडे बघितलं. सगळं सुरत ज्या हवेत श्वास घेत होतं त्या हवेत आता त्यांना जायचं होतं. पण इंजिन सुरू झालं, आणि माणूस गाडी सुरू झाली की लगेच साहेब होतो. त्यांनी खिशातून कॅप्सूलची चकती काढली, त्यातल्या दोन तोडून बॉनेटच्या टोकावर ठेवल्या, बक्षीस म्हणून. मला म्हणाले, "शाब्बास, बेटा. कुठे शिकलीस? अशा मुली परीक्षेला बसल्या पाहिजेत. मी स्वतः परीक्षक आहे. एका दिवसात पास करीन."

खरं सांगायचं तर मी घाबरले होते; एकोणीस वर्षांची होते, आणि साहेब हा साहेब असतो. आबांनी उपरणं खाली ओढलं. त्या रस्त्यावर बहुधा त्यांच्या एकट्याचंच तोंड उघडं होतं.

"बसली होती, साहेब. तुम्हीच नापास केली. हीच गाडी, हाच पट्टा." मग त्यांनी खाली वाकून तुटक्या पट्ट्याचा एक तुकडा उचलला आणि उलटा करून साहेबांच्या पुढे धरला. "तिने बरोबर लिहिलं होतं. मला तेव्हाच दिसलं होतं. मी खोटं बोललो. ती नाही बोलली."

साहेब काही बोलायच्या आत गाडीतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. आता काच पूर्ण खाली होती. "आ ए ज छोकरी? तुम्हीच नाही का घरी येऊन सांगितलं, एका पोरीने पट्टा खराब म्हणून लिहिलं? मी म्हटलं बदलून घ्या. रोज म्हटलं!"

म्हणजे त्यांनी माझा अहवाल घरी नेला होता. त्यांना तो खरा वाटला होता. साहेबांनी रुमाल नीट केला आणि फार समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पण निकाल पाठवून झाला होता. निकाल गेल्यावर पट्टा बदलला असता, तर त्याचा अर्थ काय झाला असता?" पुढे नोकरीत मी असे बरेच साहेब पाहिले, ज्यांनी आधी सही केली आणि मग त्या सहीची लाज राखायला भर उन्हात इंजिन उकळू दिलं. त्यांतला एकही दुष्ट नव्हता. त्रिवेदीसाहेबही नव्हते. जाताना त्यांनी गाडी हळू केली आणि आबांना विचारलं, "किती वेगाने चालवू?" आबा म्हणाले, "चाळीसच्या वर नको. बारडोलीला गेल्यावर एकदा बघून घ्या." साहेबांनी मान डोलावली, विद्यार्थ्यासारखी.

कॅप्सूल मायने उचलल्या. "पट्टानं मोल दोन गोळ्या," ती म्हणाली, आणि पदराला गाठ मारली. टेम्पोत आबा माझ्या शेजारी बसले. त्यांनी भुईमुगाच्या शेंगा सोलल्या आणि दाणे माझ्या हातात ठेवत राहिले. व्यारा येईपर्यंत त्यांनी स्वतः एकही दाणा खाल्ला नाही.

महिनाभराने आम्ही परतलो. खटखट पुन्हा सुरू झाली होती आणि लोक तिला पुन्हा शिव्या देत होते. दिवाळीच्या आसपास पोस्टमनने एक लांबट पाकीट आणून दिलं. त्यात माझं प्रमाणपत्र होतं, आणि त्याला टाचलेला एक कागद. 'सदर उमेदवाराच्या निकालात लेखनातील चूक आढळून आल्याने ती दुरुस्त करण्यात येत असून उमेदवारास फेरतपासणीत उत्तीर्ण घोषित करण्यात येत आहे.' मी मोठ्याने वाचलं. मायने दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तू पास व्हयनी, का त्यासनी चूक पास व्हयनी?"

आम्ही दोघी हसलो, पोट धरून हसलो. आबा हसले नाहीत. ते मोरीवर गेले, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. त्या दिवशी रंग गुलाबी होता आणि तो निघणारा नव्हता. मग त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही तळव्यांच्या कडांनी धरलं, डाग पडू नये म्हणून, आणि पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत सगळं वाचलं. आपल्याकडे नाव लिहितात तसंच माझं लिहिलं होतं: आधी अलका, मग आबांचं नाव, मग आडनाव. आबांनी करंगळीने मधला शब्द दाखवला.

"लेखनातली चूक ही राहिली," ते म्हणाले. "हे नाव यात नको होतं. त्या दिवशी मी तुझ्या बाजूला नव्हतो."

माय पोळपाटावरचं पीठ झाडत होती, ती थांबली. मी कागद त्यांच्या हातातून घेतला नाही.

"असू द्या," मी म्हणाले. "फेरतपासणीत उत्तीर्ण झालात तुम्ही."